सतरा सेंटिमीटरची खोली

आमच्या पिढीनं घरातली बहुतेक यंत्रं उघडलेली पाहिली आहेत. स्टोव्ह रुसला की आई पिन घेऊन बसायची आणि पंपातला चामड्याचा वॉशर कोरडा पडला की तो तेलात भिजवायची. शिलाई मशीनचा पट्टा निसटला तर तो चढवायला कुणा कारागिराला निरोप जात नसे. सायकलची ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते शोधणं हा तर मुलांचा हक्काचा खेळ. रेडिओच्या पाठीमागचं पुठ्ठ्याचं झाकण काढलं की आत मंद तांबूस उजेडात व्हॉल्व्ह दिसायचे आणि कोणीतरी वडीलधारं माणूस ओरडायचं, "हात लावू नका रे!" हात लावायला मिळत नसे, पण पाहायला मिळे.

पुढं अशी यंत्रं घरात आली की त्यांना झाकण होतं, पण ते आपल्यासाठी नव्हतं. त्यांतलं सर्वांत महत्त्वाचं यंत्र म्हणजे संगणक. पेन्शनचा हिशेब, ठेवींच्या नोंदी, नातवंडांचे फोटो, प्राप्तिकराचं विवरणपत्र, मध्यमवर्गीय घरातला बराचसा ऐवज हल्ली याच पेटीत असतो. घरातलं कपाट आपण आवरतो, देव्हारा पुसतो, माळ्यावरची ट्रंकसुद्धा दिवाळीआधी एकदा खाली उतरवतो. या पेटीच्या आत मात्र आपल्यापैकी किती जणांनी डोकावून पाहिलं असेल? आपण त्या अख्ख्या पेटीला सरसकट 'सीपीयू' म्हणतो. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, जेमतेम चार सेंटिमीटर लांब आणि तेवढाच रुंद असतो, चहाबरोबरच्या बिस्किटाहूनही लहान.

या कुतूहलाला माझ्या बाबतीत एक जुनं कारण आहे. मी १९८२ साली बँकेत लागलो तेव्हा शाखेत लेजरं होती. उचलताना कंबर सांभाळावी लागे, पण ती उघडी होती. कुठली नोंद कोणी केली, खाडाखोड कुणाच्या हातची, हे अक्षरावरून ओळखू येई. १९८४ साली डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीनं बँकांच्या यांत्रिकीकरणाचा आराखडा मांडला आणि पुढच्या काही वर्षांत शाखांमधून लेजर पोस्टिंग मशिनं येऊ लागली. युनियनचा विरोध, वाटाघाटी, करार असं सगळं यथासांग झालं. आमच्या शाखेत मशीनसाठी काचेची खोली बांधली गेली. चपला बाहेर काढून आत जायचं. मॅनेजरसाहेबांच्या डोक्यावर कुरकुरणारा पंखा होता, मशीनला मात्र वातानुकूलन होतं.

मशीन बंद पडलं की कंपनीचा माणूस येईपर्यंत थांबायचं. पुढं कोअर बँकिंग आलं आणि मशीन काचेच्या खोलीतूनच नव्हे, गावातूनही दिसेनासं झालं. शाखेत उरलं एकच वाक्य, "सिस्टीम डाऊन आहे." समोर नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी पैसे काढायला आलेली बाई उभी असे, स्लिप भरलेली, खात्यात पैसे आहेत हे तिलाही ठाऊक आणि मलाही ठाऊक. आणि मी ते वाक्य म्हणत असे. काय बिघडलंय, कुठं बिघडलंय, किती वेळ लागेल, यातलं काहीही मला सांगता येत नसे. जबाबदारी आपली आणि किल्ली दुसऱ्याकडे, अशा अवस्थेत माझ्या नोकरीची शेवटची वर्षं गेली. निवृत्तीनंतर घरच्या संगणकापुढं बसून कादंबऱ्या लिहिताना तीच अवस्था घरातही आली आहे, असं अधूनमधून जाणवायचं.

निमित्त झालं ते २०२५ साली. त्या वर्षी १४ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टनं 'विंडोज १०' चा नेहमीचा आधार थांबवला. माझा जुना संगणक उत्तम चालत होता. त्यावर दोन कादंबऱ्या लिहून झाल्या होत्या. पण नव्या विंडोजला जो प्रोसेसर आणि जी सुरक्षेची चिप लागते, त्या अटींत तो बसेना. धडधाकट माणसाला वयाच्या दाखल्यावरून घरी बसवावं तसा प्रकार. तो मी भंगारात घातला नाही. त्यावर लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली घातली आणि जवळच्या एका अभ्यासिकेला देऊन टाकला.

नवा घ्यायचं ठरलं तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबा, लॅपटॉप घ्या ना. सुटसुटीत."

मी म्हटलं, "या वेळी घेणार नाही. जोडणार."

स्वयंपाकघरातून सौ.चा आवाज आला, "काय जोडणार?"

"संगणक."

"जेवणाच्या टेबलावर नाही ना मांडणार?"

जेवणाच्या टेबलावरच मांडला, हे सांगायला नकोच.

आता तुम्ही विचाराल, साठी ओलांडलेल्या, विज्ञान शाखेचं तोंड न पाहिलेल्या माणसाला हे जमतं कसं? याचं श्रेय माझ्याकडे नाही, एका जुन्या घटनेकडे आहे. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम कंपनीनं आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' बाजारात आणला. तो लवकर तयार व्हावा म्हणून त्यांनी बरेचसे भाग बाहेरून घेतले. प्रोसेसर इंटेलचा, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची. शिवाय यंत्राची तांत्रिक माहितीही पुस्तकरूपानं उपलब्ध करून दिली. झालं असं की दोनेक वर्षांत इतरांनीही तसेच संगणक बनवायला सुरुवात केली आणि एकाच्या यंत्रात दुसऱ्याचा भाग बसू लागला. पुढं १९९५ साली इंटेलनं मदरबोर्डचं एटीएक्स हे माप आणलं. स्क्रूची भोकं कुठं, वायरी जोडायच्या जागा कुठं, हे सगळं त्यात ठरलेलं. २००१ साली तैवानच्या व्हीआयए कंपनीनं त्याचं धाकटं भावंड पुढं आणलं, मिनी-आयटीएक्स. सतरा सेंटिमीटर लांब आणि सतरा सेंटिमीटर रुंद.

बँकवाल्याला याचं महत्त्व चटकन कळतं. चेकचा कागद ठराविक मापाचा झाला आणि त्याच्या तळाशी चुंबकीय शाईतले आकडे एका ठरलेल्या पट्टीत छापले जाऊ लागले, तेव्हा कुठल्याही बँकेचा चेक कुठल्याही क्लिअरिंगच्या यंत्रातून जाऊ लागला. मापं सर्वांची एक झाली की गिऱ्हाईक एकाच दुकानाला बांधलेलं राहत नाही. मी मदरबोर्ड एका कंपनीचा घेतो, रॅम दुसऱ्या, डबा तिसऱ्या, आणि ती सगळी मंडळी माझ्या टेबलावर पहिल्यांदा भेटून एकमेकांशी जुळवून घेतात, ती या मापांमुळे.

मी छोटाच संगणक का निवडला, त्यालाही कारण आहे. माझं लहानपण गिरगावातल्या चाळीत, एका खोलीत सहा माणसांत गेलं. दहा बाय बाराच्या त्या खोलीत मोरी होती, स्वयंपाक होता, पोटमाळा होता आणि रात्री सहा अंथरुणंही पडत. कॉटखाली काय जाईल, दारामागं काय टांगलं जाईल, सगळं ठरलेलं. आणि सर्वांत मोठा विचार असायचा हवेचा. दार उघडं ठेवलं आणि समोरची खिडकी उघडी असली तरच झोप लागायची. छोट्या संगणकाची जोडणी म्हणजे हुबेहूब हेच. मोठ्या कॅबिनेटमध्ये वायरी कशाही पसरल्या तरी चालतं. दहा लिटरच्या डब्यात प्रत्येक गोष्टीला आधी जागा नेमून द्यावी लागते. वाणसामानातले दहा लिटरचे तेलाचे डबे आठवा, तेवढ्यात सगळा संसार. माझ्या प्रोसेसरसाठी ६५ वॅटचा आकडा नेमून दिलेला आहे, म्हणजे जुन्या ६० वॅटच्या पिवळ्या बल्बच्या आसपास. तो बल्ब बंद डब्यात पेटवला तर काय होईल, याचा विचार केला की हवा कुठून येणार आणि कुठून जाणार हा प्रश्न आपोआप सुचतो.

खरेदीला लॅमिंग्टन रोडला गेलो. नाव आता डॉ. भडकमकर मार्ग, पण १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनना लोक अजून सोडायला तयार नाहीत. डोंबिवलीहून दादर, पूल ओलांडून ग्रँट रोड, आणि बाहेर पडलं की पाच-सात मिनिटांची चाल. मिनर्व्हा आणि अप्सरा थिएटरांच्या काळात या रस्त्यावर सिनेमासाठी रांगा पाहिल्या होत्या. आता जिन्याखाली, बोळात, पहिल्या मजल्यावर, जिथं पाहावं तिथं संगणकाचे सुटे भाग.

"काका, नातवासाठी का?" दुकानदारानं विचारलं.

"नाही, माझ्यासाठी. आणि जोडणारही मीच."

त्यानं क्षणभर पाहिलं आणि पाण्याचा ग्लास पुढं केला. मग माझी यादी घेतली आणि मन लावून तपासली. प्रोसेसर मदरबोर्डाच्या खाचेत बसणारा आहे ना, पंख्याची उंची डब्याच्या झाकणाला टेकत नाही ना, एसएमपीएस लहान आकाराचा, एसएफएक्स मापाचा आहे ना. छोट्या संगणकात याच तीन गोष्टींवर सगळं अवलंबून असतं. किमती मी इथं देत नाही, कारण रविवारी छापलेला भाव सोमवारी शिळा होतो. त्या दिवसांत तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांकडून मागणी वाढल्यानं मेमरीचे भाव चढायला लागले होते. एवढंच सांगतो, की पक्कं बिल घ्या आणि प्रत्येक भागाचा अनुक्रमांक बिलाशी पडताळून पाहा. वॉरंटी भागाभागाची वेगळी असते आणि ती त्या आकड्यावरच मिळते.

दिवाळीच्या सुट्टीत नात आली होती. तिच्यासमोर टेबलावर स्वच्छ सुती चादर अंथरून सात जिन्नस मांडले. मदरबोर्ड, प्रोसेसर, त्याचा पंखा, रॅमच्या दोन पट्ट्या, एसएसडी, एसएमपीएस आणि कॅबिनेट. तिनं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "आजोबा, यातला संगणक कुठला?"

दोन हजार वर्षांपूर्वीच्या मिलिंद राजाला भिक्खू नागसेनानं रथाबद्दल जे विचारलं होतं, तेच ही पाचवीतली मुलगी मला विचारत होती. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? मी म्हटलं, "यातला कुठलाच नाही. संध्याकाळी बघू, होतो का ते."

कृती सांगतो. मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवायचा. काम सुरू करण्यापूर्वी आणि मधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावायचा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते. प्रोसेसरच्या कोपऱ्यावर एक इवलासा त्रिकोण असतो, तसाच खाचेवरही असतो. ते दोन जुळवायचे आणि प्रोसेसर अलगद ठेवायचा, दाबायचा नाही. त्या खाचेत १,७१८ सूक्ष्म टोकं असतात. मग तरफ खाली घ्यायची. तिला थोडा जोर लागतो, आवाजही होतो, छातीत धस्स होतं, पण ते तसंच असतं.

रॅमच्या पट्टीला मध्याच्या जरा बाजूला एक खाच असते, त्यामुळे ती उलटी बसतच नाही. टक्क असा आवाज येईपर्यंत दाबायची. एसएसडी तर जुन्या पुठ्ठ्याच्या रेल्वे तिकिटाहून थोडी लांब आणि थोडी अरुंद. तिरकी घालायची, आडवी करायची, एक स्क्रू लावायचा. नातीनं विचारलं, "दोन्हींत आठवणीच राहतात, तर दोन कशाला?" मी तिला बँकेची भाषा सांगितली. रॅम म्हणजे कॅशियरच्या हाताशी असलेला गल्ला आणि एसएसडी म्हणजे स्ट्राँगरूम. वीज गेली की गल्ला रिकामा, स्ट्राँगरूममधलं जिथल्या तिथं.

प्रोसेसरच्या पाठीवर तुरीच्या दाण्याएवढी उष्णतावाहक पेस्ट ठेवून पंखा चढवायचा. पंख्याला ती आधीच लावलेली असेल तर पुन्हा लावायची गरज नाही. मग बोर्ड कॅबिनेटमध्ये, चार कोपऱ्यांत चार स्क्रू. मग एसएमपीएस, मग वायरी. चोवीस टोकांची जाड वायर बोर्डाला, आठ टोकांची प्रोसेसरजवळ. सर्वांत किचकट काम शेवटी येतं. समोरचं बटण आणि दिवा यांच्या केसासारख्या वायरी बोर्डावरच्या बारीक काड्यांवर बसवणं. इथं माझा चष्मा आणि बोटं दोन्ही अपुरी पडतात. ते काम नातीनं पुस्तिकेतला नकाशा पाहत, जीभ दातांत धरून केलं. आणि एक पथ्य कायमचं. एसएमपीएसचा स्वतःचा डबा कधीही उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्यात विजेचा साठा राहू शकतो.

संध्याकाळी सहाला बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, पडदा मात्र काळा. एक मिनिट झालं, दोन झाली. सौ. दारात येऊन उभ्या राहिल्या. मुलानं मोबाइल खाली ठेवला. कुणी काही बोललं नाही, पण "सिस्टीम डाऊन आहे" हे शब्द मला ऐकू यायला लागले होते.

फरक एवढाच होता की या वेळी मला कारण माहीत होतं. डीडीआर५ या नव्या प्रकारची रॅम असली की पहिल्यांदा सुरू होताना मदरबोर्ड तिची तालीम घेतो. कुठल्या वेगानं, कुठल्या वेळेला निरोप पाठवला तर तो बिनचूक पोचतो, हे तो पडताळून पाहत असतो. याला काही मिनिटं लागतात आणि तोवर पडदा काळाच राहतो. पुस्तिकेत हे लिहिलेलं होतं. मी टेबलाशी जमलेल्या मंडळींना सांगितलं, "बिघडलेलं नाही. आत तालीम चालू आहे. थांबा." छत्तीस वर्षांच्या नोकरीत काउंटरपलीकडच्या माणसाला मला जे एक वाक्य कधी सांगता आलं नव्हतं, ते मी त्या दिवशी घरच्यांना सांगत होतो. काय चाललंय आणि का थांबायचं. थोड्या वेळानं पडद्यावर अक्षरं उमटली. प्रोसेसरचं नाव, रॅमचा आकडा, एसएसडी हजर. नात हळूच म्हणाली, "झाला."

आता जमाखर्च मांडतो. हे स्वस्त पडतं का? दरवेळी नाही. तयार मिळणारा छोटा संगणक कदाचित याहून कमी जागा आणि कमी वीज घेईल. बिघाड झाला तर पाठवायला एक दुकान नसतं, कुठला भाग रुसलाय ते आपणच शोधायचं. फिरतीवर असणाऱ्यांना लॅपटॉपच बरा. आणि संगणक जोडता आला म्हणून फोनवरून गंडा घालणाऱ्यांपासून कुणी सुरक्षित होत नाही, तिथं वेगळी सावधगिरी लागते.

मग जमेला काय? पाच वर्षांनी रॅम अपुरी पडली तर मी रॅम बदलीन, यंत्र नाही. हल्लीच्या पुष्कळ लॅपटॉपांमध्ये रॅम बोर्डालाच डाखलेली असते आणि एक भाग कमी पडला की सगळं यंत्र मोडीत निघतं. दुरुस्तीचा हक्क हा शब्द आपल्याकडे सरकारदरबारीही पोचला आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ साली त्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी पोर्टलही सुरू केलं. पण हक्क कागदावर मिळाला तरी स्क्रू फिरवायची सवय हाताला हवी. ती सवय आमच्या आयांना होती. आपल्या हातून ती कधी सुटली, ते कळलंही नाही.

नव्वदच्या दशकात 'असेंबल्ड' हा शब्द जरा नाक मुरडून उच्चारला जायचा. "ब्रँडेड घेतलात की असेंबल्ड?" असं विचारताना दुसरा शब्द खालच्या पट्टीत येई. पण जोडणं ही काही कमी दर्जाची गोष्ट नाही. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' हा आपल्या देशात घडवलेला संगणक कार्यान्वित झाला. २,७०० व्हॉल्व्ह, १२,५०० रेझिस्टर, अठरा फूट लांबीची पोलादी मांडणी, आणि मेमरी आजच्या हिशेबानं दहा किलोबाइट. पुण्याच्या सी-डॅकनं डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला, तो बाहेरून आणलेले ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर एकमेकांना जोडूनच. त्या थोर कामाशी माझ्या डब्याची तुलना करण्याचा वेडेपणा मी करणार नाही. पण आपल्या लोकांनी संगणकाशी ओळख करून घेतली ती काचेबाहेर चपला काढून नव्हे, आत हात घालून, एवढं त्यातून शिकण्यासारखं आहे.

हा लेख वाचून प्रत्येकानं लॅमिंग्टन रोड गाठावा असं माझं म्हणणं नाही. घरात जुना डेस्कटॉप असेल तर एवढंच करा. तो बंद करा, प्लग भिंतीतून काढा, दहा मिनिटं जाऊ द्या आणि बाजूचं झाकण उघडा. बहुतेक ठिकाणी त्याला मागं दोन स्क्रू असतात. मऊ कोरड्या कुंचल्यानं पंख्यावरची धूळ हलकेच झाडा आणि पाहा, प्रोसेसर कुठं असेल, रॅमच्या पट्ट्या किती आहेत, एखादी खाच रिकामी आहे का. मुलांना जवळ बोलवा. "हात लावू नका रे" असं म्हणायचा मोह होईल, तो आवरा आणि कुंचला त्यांच्या हातात द्या.